आठ गणांचं रक्त

रविवार, १२ डिसेंबर १९७६

सप्, सप् — मधे एक श्वास — सप्, सप्. पहाटेपासून हाच आवाज कानात. कवठे महांकाळच्या शाळेत आमचे गुरुजी कविता शिकवायचे ती चिंचेच्या फोकानं. लघु अक्षराला हात मोकळा, गुरूला फोक. भुजंगप्रयाताच्या एका ओळीत आठ गुरू, म्हणजे आठ फोक. तळहात फुटायचे. पण ओळ अशी बसायची की पुढं मास्तरकी करून म्हातारा झालो तरी झोपेतही मोडत नाही. बाहेर मेंढरांच्या घंटा, आत आम्ही रडत रडत चालीवर. खोटं कशाला लिहू — ते दिवस मला अजून गोडच वाटतात.

आवाज आज का आला ते ठाऊक आहे. काल कराडच्या एसटीतून नाथाजी उतरला. जन्मठेप भोगून सुटला. आमच्याच भावकीतला. पाण्याच्या पाळीवरून माझ्या मुलाला, आकारामला, यानंच विहिरीवर कुऱ्हाडीनं तोडला.

आकारामच्या बायकोनं, सून रंगूबाईनं, ऐकलं आणि हातातली परात पिठासकट भिंतीवर मारली. मग शांतपणे पीठ गोळा केलं. म्हणाली, "मामंजी, अर्जुनाला तार करा. दोनच शबुद. त्यो आला."

मी केली नाही. अर्जुना आकारामचा मुलगा, पलटणीत आहे. तिनं भावाला, नानासोला, सांगून करवली.

मंगळवार, १४ डिसेंबर

नात अंजना, अर्जुनाची बहीण, सांगलीहून सुट्टीला आली आहे. बीएस्सीला आहे. आज ओसरीवर खडूनं एक पिळाचा जिना काढून दाखवला. "आबा, आपल्या प्रत्येक पेशीत हा असतो. आईबापाकडून आलेला. ह्यात अक्षरं चारच. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि असे शब्द चौसष्ट. त्यावरून सगळं शरीर तयार होतं."

माझा चहा तसाच राहिला. तीन-तीन अक्षरं! अगं, तीन अक्षरांचाच तर गण. गण आठ. आठे आठे चौसष्ट.

ती म्हणाली, "योगायोग." मी खडू घेतला. चार अक्षरं म्हणजे लघुगुरूच्या चार जोड्या धर — लघु-लघु, लघु-गुरू, गुरू-लघु, गुरू-गुरू. अशा तीन जोड्या म्हणजे बरोबर दोन गण. तिनं बोटांवर दोनदा मोजलं.

"जमतंय खरं. पण ते रसायन आहे, आबा. वृत्त नाही."

"मग रसायनाला यती कशाला? तूच म्हणालीस ना, काही शब्दांचा अर्थ नुसता 'इथं थांब' असा असतो."

"आमच्या सरांसमोर असं बोललात तर सर खडू खातील," म्हणाली आणि हसत सुटली. ह्या घरात चार दिवसांत पहिलं हसू.

रात्री मात्र झोप नाही. माझ्या वडिलांना राग यायच्या आधी ते डाव्या कानाची पाळी ओढत. मग हाताशी असेल ते हत्यार. बांधावर एकाची तीन बोटं विळ्यानं उडवली होती, मी पाहिली आहेत ती मातीत. आकारामही तशीच पाळी ओढायचा. आणि अर्जुना! त्यानं पणजोबाला पाहिलेलंसुद्धा नाही. कुणी शिकवलं त्याला? लिहिलेलंच असणार. आमच्या घराण्याचं एक कडवं आहे आणि ते पिढीपिढीला म्हटलं जातंय.

शुक्रवार, १७ डिसेंबर

अर्जुना आला. पलटणीतून रजा काढून. खांदे आकारामचे, चाल आकारामची. आईच्या पाया पडला. ती म्हणाली, "जेव आदी."

शनिवार, १८ डिसेंबर

पाळी ओढत होता.

मंगळवार, २१ डिसेंबर

बाजारात मारामारी. नाथाजीचा एक पुतण्या अर्जुनाला म्हणाला, "काय सुबेदार, बंदूक सरकारकडं ठेवून आलास व्हय? आता कशानं मारणार, पिपाणीनं?" अर्जुनानं तागडीची साखळी उपसली आणि त्याच्या तोंडावर घातली. दोन दात माझ्यासमोर वांग्यांच्या ढिगात पडले. मग त्यांची चार माणसं ह्याच्यावर. अर्जुनाचं डोकं फुटलं. मी मधे गेलो तर कुणीतरी मला कोपरानं बाजूला लोटलं, बरगडी अजून ठणकते.

अंजनानं त्याची जखम धुतली. तांब्यातलं पाणी लाल झालं. मी त्या पाण्याकडे बघत बसलो. ह्याच्या एकेका थेंबात तो जिना आहे, आणि त्यावर आमचं सगळं लिहिलेलं.

नाथाजी म्हणे घराबाहेर पडतच नाही. म्हातारी आई धोंडूबाई त्याला भाकरी देते आणि तो खालमानेनं खातो.

गुरुवार, २३ डिसेंबर

अंजना आज माझ्यावर चिडली. मी जेवताना म्हणालो, अर्जुनाचा दोष नाही, रक्तातच आहे. तिनं ताट सारलं.

"रक्तात? आबा, वडिलांच्या दहाव्याला तुम्ही होतात ना घाटावर?"

होतो. कृष्णेचं पाणी आटलं होतं. पिंड मांडला होता. कावळे समोरच्या बाभळीवर दाटीनं बसलेले, एकही खाली येईना. कुणी म्हणालं, आकारामचा जीव अडकलाय. एकेकजण पुढं होऊन बोलला. तुझी पोरं सांभाळू. बायकोला अंतर देणार नाही. जमीन पडू देणार नाही. कावळा हलेना. ऊन चढलं. तेव्हा नानासोनं अर्जुनाला पुढं केलं. दहा वर्षांचं पोर, डोकं नुकतं भादरलेलं. नानासोनं सांगितलं तसं ते बोललं, "दादा, मी नाथाजीला जित्ता सोडणार न्हाई." आणि कावळा आला. लोकांनी सुस्कारा टाकला. कुणीतरी रडलं.

"तेव्हापासून," अंजना म्हणाली, "आईनं दर श्राद्धाला त्याच्याकडून तेच वाक्य म्हणून घेतलंय. पान वाढायच्या आधी. मी बाजूला उभी असायची. ते रक्तातलं नाही, आबा. पाठांतर आहे. कानाची पाळी तर मीपण ओढते, मी कुणाला तोडलंय?"

पोरीचं खरं मानलं तर माझा सगळा सिद्धांत कोसळतो. आणि तो फार सुंदर आहे.

रविवार, २६ डिसेंबर

दुपारी आमचा मळ्यातला ऊस पेटला. पाचट फटाफट फुटत होतं, ससे जळत बाहेर पळत होते. एक माझ्या पायाशी येऊन पडला. विझवायला त्यांच्या घरचं कुणी आलं नाही. पेटवला कुणी, कुणाला माहीत.

नानासो संध्याकाळी आला. अंगणात बसून कुऱ्हाड पाजळली. दगडावर पाणी टाकत, सावकाश. अर्जुना समोर उकिडवा. मी म्हणालो, नानासो, पोराची नोकरी जाईल, फास होईल. तो म्हणाला, "मास्तर, तुमी कविता म्हना. हे आमच्यावर सोडा."

मंगळवार, २८ डिसेंबर

आज पिंपळाच्या पारावर बसून एक मोठी गोष्ट उमगली असं वाटलं. जर प्रत्येक शरीर वृत्तात बांधलेलं आहे, तर हे म्हणतंय कोण? वृत्त आपोआप वाजत नाही, कुणाचं तरी तोंड लागतं. मग हा गाव, ही कृष्णा, जळालेला ऊस, मी — हे सगळं एखाद्या वर्गात कुणीतरी पाठ म्हणून दाखवत असेल. तो थांबला की आम्ही नाही. तो अडखळला की कुणाला सहावं बोट येतं. आम्हाला घाव लागतात, पण त्या वर्गात नुसता आवाज ऐकू येत असेल. कोरडा आवाज. मला एकदम हलकं वाटलं.

संध्याकाळी अर्जुना जवळ येऊन बसला. खूप वर्षांनी. डोक्याला पट्टी. वाटलं, हे सांगावं, त्याच्याही जिवाला हलकं वाटेल. म्हणून सांगितलं — आठ गण, चौसष्ट शब्द, पणजोबांची पाळी, तो म्हणणारा. त्यानं मन लावून ऐकलं. लहानपणी माझ्या मांडीवर कविता ऐकायचा तसं.

मग म्हणाला, "म्हंजे आबा, हे माझ्या जन्माच्या आदीच लिवलंय?"

"तसंच काहीतरी."

"आनि मेलेला माणूस खरा मरत न्हाई. नुसतं म्हनून दावल्यागत."

"असा एक विचार, रे."

तो उठला. चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. "लय दिवस उरावर धोंडा हुता, आबा. म्हनायचो, मला न्हाई जमायचं. पलटणीतबी रातीला उठून बसायचो. आता काय न्हाई. आता सुटलो."

मी म्हणालो, अर्जुना, थांब, मी तसं म्हणत नाही — पण तो गोठ्यात गेला होता. मागं जायला हवं होतं. म्हटलं, उद्या नीट समजावू.

गुरुवार, ३० डिसेंबर

त्यानं मारला.

सकाळी, गुऱ्हाळावर, सगळ्यांदेखत. नाथाजी तुरुंगातून आल्यावर पहिल्यांदाच कामाला बाहेर पडला होता, काहिलीखालच्या चुलवणात चिपाडं घालत बसला होता. अर्जुना समोर उभा राहिला. गुळव्या सांगतो, नाथाजी पळाला नाही. वर बघून म्हणाला, "कोन, आकारामचा व्हय? बापासारखाच दिसतोस." पहिला घाव मानेवर. माणूस काहिलीच्या कडेला पडला, हात उकळत्या रसात गेला, तो ओरडला. दुसरा पाठीत. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी घातला.

तीन घाव, तिन्ही सारखे जोराचे. तीन गुरू, मगण — हे माझ्या डोक्यात आलं. मी ओसरीवर ओकलो.

अर्जुना तिथंच बसून राहिला. पोलीस येईपर्यंत गुळव्यानं दिलेलं पाणी प्याला.

रविवार, २ जानेवारी १९७७

पोलिसांनी जीपमध्ये घालायच्या आधी मला भेटू दिलं. तोंड सुजवलेलं. हातातल्या बेड्या लपवत होता. म्हणाला, "आबा, त्यो ओरडला. तुमी म्हनला हुता नुसता आवाज असतोय. तसा नव्हता त्यो."

रंगूबाईनं त्या दिवसापासून चूल पेटवलेली नाही. मला वाटलं होतं तिला थंडावा मिळेल. सारखी एकच विचारते, "मामंजी, त्याला जेवाय देत असतील का?" नानासो दिसत नाही, फलटणकडे गेला म्हणतात.

अंजना माझ्याशी बोलत नाही. जायच्या आधी ओसरीवरचा जिना तिनं ओल्या फडक्यानं पुसला. पुसताना एवढंच म्हणाली, "त्या मंगळवारी संध्याकाळी तो तुमच्याकडून परवानगी मागत होता, आबा."

खरं आहे. खोडून टाकण्यासारखं इथं काही नाही.

मंगळवार, ४ जानेवारी

आत्ता, भर दुपारी, दार वाजलं. रंगूबाई कोयता घेऊन उठली. मी तिला मागं सारून कडी काढली. त्यांची माणसं असणार, म्हटलं येऊ देत.

दारात धोंडूबाई. नाथाजीची आई. एकटी, अनवाणी. आकाराम गेल्यापासून त्या घरच्या कुणी हा उंबरा ओलांडलेला नाही, आणि तीही ओलांडत नव्हती, बाहेरच चौकटीला धरून उभी होती. डोळे कोरडे.

"भावजी," म्हणाली. किती वर्षांनी ही हाक. "शनवारी दहावा हाय. कावळा काय लवकर यायचा न्हाई. माझ्या नाथाच्या पोराला पुढं करणार हायती, काय बोलायचं त्येबी ठरलंय. घरात कालपासनं घोकून घेत्यात. माझं कोन ऐकंना. तुमी मास्तर हाय. तुमी घाटावर या. त्येनी तुमाला तोडलं तर तोडू द्या. पन माझ्या नातवाला त्ये बोलू देऊ नका."