अक्का, तू हात कामून जोडलेस?

प्रिय विमलअक्का,

तू गेल्याला चार महिने झाले. मधे दोनदा लिहायला बसले, पण रडू यायचं आणि पेन बाजूला पडायचं. आज रडू येत नाही. आज नुसता राग आलाय, म्हणून लिहिणं जमतंय.

सोमवारी आपल्या दवाखान्यात आम्हा नर्सचं प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय काय, तर 'भावनिक बुद्धिमत्ता'! बेंगळुरूहून एक सूटबूटवाले सर आले होते. मराठी येत नव्हती, आपल्या सीमेवर सगळ्यांना कन्नड कळतं म्हणून कन्नडात बोलत होते. त्यांनी पडदा लावला आणि पडद्यावर पहिलाच फोटो कुणाचा? तुझा! कुणीतरी वॉर्डात काढलेला, तू हसतेस तो. सर म्हणाले, "ह्या विमल सिस्टर. कितीही ताण असो, यांचं हसू कधी गेलं नाही. असं राहायला शिका." मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

मान डोलावत होते, अक्का! ते!

तुझं हसू कधी गेलं नाही म्हणे. ते कुणी घालवलं ते मी बघितलंय ना.

मी दुबलगुंडीहून आले तेव्हा बाविशीची होते. पहिल्या दिवशी तुला "मॅडम" म्हणाले, तर तू हातातली सलाईनची बाटली खाली ठेवून म्हणालीस, "मॅडम आफिसात बसतेत. मला अक्का म्हण, आन् तू म्हण." बाळंतिणींच्या वॉर्डात तुझ्या मागं मागं फिरत मी शिकले. सुई कशी टोचायची ते कॉलेजात शिकवलं होतं. कुणाशी काय बोलायचं ते तू शिकवलंस.

"माणूस दुखायला लागलं की आईच्या भाषेत कण्हतंय," असं तू म्हणायचीस. "आधी कण्हणं ऐक, मग बोल." तू तसंच करायचीस. एकीला कन्नडात "अळबेडव्वा", रडू नको माय, म्हणून तिचे डोळे पुसायचीस, दुसरीला "डरो नक्को, मैं हूं ना" म्हणायचीस, आणि आपल्याकडच्या पोरींना नुसतं "अगं माय!" तेवढ्यानं त्यांची मूठ सैल व्हायची. चिडून आलेला नातेवाईक असला तर तू त्याला आधी बसायला स्टूल द्यायचीस. "चिडलेला माणूस घाबरलेला असतोय गं," म्हणायचीस. बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

बहुतेक वेळा. प्रत्येक वेळा नाही.

त्या दिवशीचं तुला मी काय सांगू? तरी सांगते, कारण तू असताना आपण दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. सकाळचे अकरा वाजले तरी डॉक्टर राउंडला आले नव्हते. एका बाईचा भाऊ, मोठ्या ओळखीचा माणूस, ओरडत आत आला. तू त्याला स्टूल दिलंस. "बसा अण्णा, डॉक्टरांना फोन केलाय," एवढंच म्हणालीस. त्यानं टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलला आणि तुझ्यावर फेकला. तुझी भुवई फुटली. पांढऱ्या साडीवर रक्त उतरलं.

डॉक्टर लगेच आले. मोठे डॉक्टरही आले. आता पोलिसांना बोलावतील, मला वाटलं. मोठ्या डॉक्टरांनीच त्या माणसाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळ्या वॉर्डासमोर तुला म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच काहीतरी उलट बोलला असाल. माफी मागा, विषय संपवा."

आणि तू मागितलीस. भुवईवर कापसाचा बोळा धरलेला हात खाली घेतलास, दोन्ही हात जोडलेस, वर हसलीस. "चुकलं अण्णा," म्हणालीस.

कामून अक्का? हात कामून जोडलेस? वीस वर्षं त्या वॉर्डात घातलीस तू! वीस बाळंतिणी आपापल्या खाटेवरून बघायल्या होत्या. तुझा मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी डबासुद्धा तुझ्यासोबत खाल्ला नाही.

पण मी काय केलं ते पण लिहिते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी सगळं ऐकलं होतं. "अक्का काहीच उलट बोलल्या नाहीत," एवढं एक वाक्य माझ्या तोंडात होतं. मी रजिस्टर उघडलं आणि त्यात खाली मान घालून लिहीत बसले. काय लिहिलं ते आता आठवतही नाही.

त्यानंतर तू सुट्टी घेतली नाहीस. दुसऱ्या दिवशी वेळेवर आलीस. इंजेक्शन वेळेवर, बीपी वेळेवर, केसपेपर नीटनेटका. कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती. पण तू कुणाच्या खाटेवर टेकेनाशी झालीस. कुठून आलीस, किती लेकरं आहेत, काही विचारेनास. औरादची एक म्हातारी, सुनेसोबत राहायला आलेली, मला म्हणाली, "ती बाई मुकी हाय का गं? काम लई चांगलं करतीय, पर माणसाकडं बघत न्हाई."

मी तुला ते सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का गं?

मग ती कोहिनूर गावची रेश्मा. पाच नंबरची खाट, पहिलटकरीण, सकाळीच मोकळी झालेली. तू तिचं बीपी घेतलंस, कागदावर लिहिलंस आणि पुढच्या खाटेकडं गेलीस. दहा मिनिटांनी मी बाळाला दुपट्यात गुंडाळायला गेले, तर तिचे ओठ पांढरेफटक. चादर उचलली, खाली रक्ताचं थारोळं. मी ओरडले. सगळे धावले, तूही धावलीस. रक्त चढवलं, पोट दाबून धरलं, तासाभरानं ती सावरली. बाळ-बाळंतीण दोघं घरी गेली.

पण तू कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर बसली होतीस. "सुनीता, मला दिसलंच न्हाई गं," म्हणालीस. "मी तिच्या हाताला पट्टा बांधला, आन् तिचं तोंड बघितलंच न्हाई. पयले मला वासावरून कळायचं."

व्हय अक्का, कळायचं. दारातून बघून सांगायचीस, "ती चार नंबरची काहीतरी लपवायलीय, जरा बघ." तेच तुझं खरं काम होतं. ते कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते कधी बंद पडलं ते कुणालाच कळलं नाही. तुझ्या त्या माफीची किंमत रेश्मानं जीव देऊन भरली असती! आणि मग सगळ्यांनी म्हटलं असतं, सिस्टरांचा हलगर्जीपणा.

आता माझ्यावरचा राग. पंधरा दिवसांनी तू म्हणालीस, "डावा खांदा दुखायलाय दोन दिवसांपासून. जबडा पण जड वाटतोय." मी काय म्हणाले? "ड्युट्या जास्त झाल्यात अक्का, मलम लाव." मी नर्स, तू नर्स! बाईचं हृदय असंच दुखतं हे आपण दोघी रोज दुसऱ्यांना सांगतो. ईसीजीचं मशीन वीस पावलांवर होतं. मी तुझ्याकडं नीट बघितलंच नाही. आणि तू? सगळ्या वॉर्डाची दुखणी ओळखणारी, स्वतःचं दुखणं कुणाकडं न्यावं असं तुला का वाटलं नाही? एकदा माझा हात धरून "चल" म्हणाली असतीस तर!

तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेल्याचा फोन आला. मेहकरला, तुझ्या गावच्या विहारात वंदना झाली तेव्हा तुझा भाऊ मला विचारत होता, "आमच्या अक्काला दवाखान्यात कुणाचा काही त्रास होता का?" मी "न्हाई" म्हणाले. तेव्हाही खोटं बोलले.

म्हणून सोमवारी पडद्यावर तुझा फोटो बघून मी उठून उभी राहिले.  कन्नडातच म्हटलं, "सर, या फोटोत अक्काच्या भुवईवर खूण दिसती का बघा. न्हाई दिसत. हा फोटो त्याच्या आधीचा आहे. त्याच्या नंतरचं हसू आम्ही बघितलंय, ते तुम्हाला सांगू का?" आणि सगळं सांगितलं. ट्रे, माफी, रेश्मा, खांदा. माझी मान खाली होती तेही सांगितलं. मोठे डॉक्टर "बसा सिस्टर, बसा" म्हणत होते. मी बसले नाही. म्हटलं, "आम्हाला दुसऱ्याचा राग कसा सोसायचा ते शिकवू नका, ते आम्हाला येतंय. आमच्यावर हात उचलला तर दवाखाना कुणाच्या बाजूला उभा राहणार, तेवढं सांगा."

 त्या शिकवणाऱ्या सरांनी पडदा बंद केला.

बुधवारी मला मेमो आला. शिस्तभंग, लेखी माफी द्या. मी उत्तर लिहिलं. त्यात माफी नाही, जे घडलं ते आहे, आणि खाली आपल्या वॉर्डातल्या सात जणींच्या सह्या आहेत. भागम्मा आयाचा अंगठासुद्धा आहे, ती स्वतःहून आली. पुढं काय होईल माहीत नाही. बदली करतील बहुतेक.

पण आज सकाळचं ऐक. नवीन आलेली लक्ष्मी, बाविशीचीच, तिला सलाईन लावताना एका बाईची शीर सापडेना. बाईचा नवरा तिच्या अंगावर धावून आला, हात उगारला. मी मधे गेले. मागून सरोजा आली, मेरी आली, भागम्मा झाडू हातात घेऊनच आली. चौघी लक्ष्मीपुढं नुसत्या उभ्या राहिलो. मोठे डॉक्टर दारात आले. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि त्या माणसाला म्हणाले, "आधी हात खाली घ्या. मग बोला."

तू गेल्यावर चार महिन्यांनी, अक्का! मला आनंद झाला असं समजू नकोस. मला अजून जास्त राग आला. एवढं सोपं होतं? हे एक वाक्य बोलायला एवढंच लागत होतं? मग त्या दिवशी मी का नाही हलले?

लक्ष्मीला मी स्टूलवर बसवलं. ती रडायली होती. मी तिला हस म्हणाले नाही. म्हटलं, "रड आधी. शीर मी शोधते." थोड्या वेळानं तोंड धुऊन ती आपणहून त्या बाईजवळ गेली आणि विचारलं, "लई दुखलं का वो?"

तुला शब्द देते अक्का. माझी बदली कुठंही होऊ दे, माझ्या वॉर्डातली पोरगी न केलेल्या चुकीसाठी कुणापुढं हात जोडणार नाही. आणि कुणी म्हणाली खांदा दुखायलाय, तर तिला मी ओढत मशीनपर्यंत नेईन, ती नको नको म्हणाली तरी.

तुझी,
त्या दिवशी गप्प राहिलेली
सुनीता