कुरकुरत्या दाराला अर्थसाहाय्य

तीर्थरूप आत्याच्या चरणी,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा धरला असल्यामुळे आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत. आठवं उधार समज. भाव मात्र पुरता आहे.) तुझी पाठ कशी आहे? आतोबांचा मोतीबिंदू पिकला, की अजून ते पेपर हातभर लांब धरून छपाईलाच शिव्या घालतात? इकडे आम्ही सगळे मजेत. सगळे म्हणजे मी, तुझी भाचेसून आणि एक दार. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी तुझ्यापुढे "हो आत्या"च्या पलीकडे जाऊ शकत नाही. पत्रात निदान तुला मधे बोलता येत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. पण चारचौघांत तू "तो नाटकात असतो" एवढंच सांगतेस आणि लोक माझ्या तोंडाकडे बघून बुचकळ्यात पडतात, म्हणून पुन्हा एकदा सांगतो. मी पडद्यामागे आवाज करतो. पत्रा हलवून वीज पाडतो, परातीत खडे घोळवून पाऊस आणतो, दोन करवंट्यांवर घोडा दौडवतो. आणि चौकटीसकट उभं केलेलं एक दार आहे, ते हळूच उघडून भरल्या नाट्यगृहाच्या पोटात गोळा आणतो. हे दार म्हणजे माझी जन्माची कमाई. त्याची कुरकुर साधीसुधी नाही. सुरुवातीला म्हातारं माणूस उठताना कण्हतं तशी, मधे जराशी चहाडखोर, आणि शेवटी एकदम गप्प. ती गप्प जागा साधणं सगळ्यात अवघड. त्यासाठी मी त्या बिजागरीला वर्षानुवर्षं तेलाचा वाससुद्धा लागू दिलेला नाही. (दाराजवळ जायच्या आधी मी केसांचं तेलही पुसतो. टक्कल पडलं त्याचं कारण तू मला नेहमी विचारतेस, ते हे.)

तर झालं असं, की नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी एक डबी आणली. काडेपेटीहून जराशी मोठी. तिच्यात जगातले सगळे आवाज आहेत म्हणे. एक बटण दाबलं की वीज, दुसरं दाबलं की घोडा. (चुकीचं दाबलं की नायकाच्या आईच्या मरणाला कोंबडा आरवतो. हे पहिल्याच प्रयोगाला घडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं काम संपलं हे मला त्या टाळ्यांनी सांगितलं.) व्यवस्थापकांनी मला फुलांचा गुच्छ दिला, डोळे पुसले आणि दार संध्याकाळच्या आत हलवा म्हणाले.

ते दार आता आमच्या बाहेरच्या खोलीत मधोमध उभं आहे. आजूबाजूला भिंत नाही. तरी माणसाचा स्वभाव बघ, येणारा प्रत्येक जण बाजूनं न जाता दारातूनच जातो, आणि जायच्या आधी टकटक करतो. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर तर आमच्या खोलीत येऊन, दारावर थाप मारून, "घरात कोणी दिसत नाही" म्हणून परत गेले. मी समोर खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघत होतो. तुझी भाचेसून दिवसभर रुग्णालयात लोकांचं कण्हणं ऐकते आणि घरी आली की दार कण्हतं. तिचा संयम दांडगा, पण एके दिवशी तिनं माझ्या पुढ्यात पेपर आपटला. म्हणाली, "एक तर हा अर्ज भरा, नाहीतर मी हे दार टेम्पोत भरते."

पेपरात जाहिरात होती. 'कलाकार व सर्जनशील व्यावसायिकांसाठी अर्थसाहाय्य आणि विकासाच्या संधी.' अर्थसाहाय्य कळलं. विकास कोणाचा करणार ते कळलं नाही. कचेरीत गेलो, तर खिडकीपलीकडे एक चष्मेवाल्या बाई. त्यांनी विचारलं, कला कोणती? म्हटलं, नाट्य. "स्टेजवर दिसता का?" नाही म्हटलं. "मग नाट्य नाही. संगीतात घालू? सूर आहे का?" म्हटलं, माझा नाही, दाराचा आहे थोडासा. बाईंनी चष्मा वर केला. "दार आहे? दिसतं का?" दिसतं म्हटलं. "मग दृश्यकला," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. आत्या, तुझा भाचा आयुष्यभर कोणाला दिसू नये म्हणून धडपडला, आणि शेवटी दृश्यकलावंत झाला.

त्यानंतर कळलं की अविकसित कलाकाराला निधी देत नाहीत. आधी विकास शिबिर, मग मुलाखत, मग पैसे. शिबिर त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. शिकवणारे गृहस्थ सैल सदरा घालून डोळे मिटून बोलायचे. त्यांनी स्वतः कुठलीच कला केलेली नव्हती, पण विकास पुष्कळांचा केला होता. आम्ही त्यांना विकासदादा म्हणू लागलो. माझ्या शेजारी साबणाच्या वड्यांतून पुतळे कोरणाऱ्या एक बाई होत्या. फार गुणी. (त्यांची अडचण अशी की घरचे लोक अंघोळीला त्यांची कला वापरून टाकतात.) विकासदादांचं म्हणणं, मोठा माणूस आपल्याला फक्त लिफ्टमध्ये भेटतो, तेव्हा तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत स्वतःची ओळख करून देता आली पाहिजे. हे नुसतं सांगून थांबले असते तर बरं होतं. ते आम्हां दोघांना जिन्यानं तळमजल्यावर नेऊन खरोखरीच्या लिफ्टमध्ये शिरले. "समजा, मी मोठा माणूस," म्हणाले आणि बटण दाबलं.

मी घसा खाकरला आणि लिफ्ट अडकली. दिवा गेला. मोठ्या माणसानं माझा दंड घट्ट धरला. "मला बंद जागेचं भय आहे," ते म्हणाले, "कोणाला सांगू नका." साबणबाई धीराच्या, त्यांनी अलार्मची घंटा दाबून धरली, पण खालचा माणूस चहाला गेलेला असावा. विकासदादांचा श्वास असा काही लागला, की मला त्यांची काळजी वाटू लागली. मग मला जे येतं ते मी केलं. तोंड मिटून नाकातून लिफ्टचा घुंघुं आवाज काढला, बुटाच्या टाचेनं हलके धक्के दिले, आणि मजला आल्यावर किल्ल्यांच्या जुडग्यावर अंगठीनं टिंग वाजवली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. पकड जरा सैल झाली. "चाललोय का आपण?" म्हणाले. "चाललोय," साबणबाईंनी सांगितलं. टिंग. "कितवा?" "दुसरा." टिंग. आता आली का पंचाईत? तिसऱ्याला थांबावं तर दार उघडणार कुठून! म्हणून मी घुंघुं चालूच ठेवलं. चौथा झाला, पाचवा झाला. तीन मजली इमारतीत मी त्या भल्या माणसाला अकराव्या मजल्यापर्यंत नेलं, आत्या. आठव्याच्या आसपास ते प्रसन्न दिसू लागले होते. दहाव्याला म्हणाले, इथे हवा छान आहे. शेवटी मेकॅनिकनं आम्हांला ओढून बाहेर काढलं तेव्हा आम्ही पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे लोंबकळत होतो. विकासदादांनी माझ्या कागदावर शेरा मारला, 'या कलाकाराने मला उंचीवर नेले.' मी विकसित झालो.

मुलाखतीला दार न्यायचंच होतं. हातगाडीवर आडवं घालून, वरून चादर टाकून नेलं. (रस्त्यात लोक टोप्या काढून बाजूला होत होते. मी त्यांच्याकडे बघून मान लववत गेलो, काय करणार!) पण कचेरीच्या दारातून माझं दार आत जाईना. उभं जाईना, आडवं जाईना. समितीतले तिघे बाहेर आले. एक अध्यक्ष, कानाला यंत्र लावलेले. एक प्राध्यापिका, ज्या प्रत्येक गोष्टीला 'अवकाश' म्हणत. आणि एक हिशेबनीस, जे काहीच म्हणत नसत. ठरलं की मुलाखत व्हरांड्यातच घ्यायची. मी दार उभं केलं, आणि पाणी प्यायला म्हणून जरा बाजूला झालो तेवढ्यात त्याच्यापुढे रांग लागली. पाणीपट्टीवाले, दाखलेवाले, एक जण तर बदलीचा अर्ज घेऊन. एका कारकुनानं दारापलीकडे खुर्ची टाकून दोघांची कामंही उरकली. कचेरीत आजवर इतक्या झपाट्यानं काम झालं नव्हतं म्हणतात. प्राध्यापिका बाई "केवढा अवकाश!" म्हणाल्या. हिशेबनिसांनी मान हलवली.

मग मी रांग हटवली आणि कुरकुर सादर केली. काय सांगू, व्हरांडा चिडीचूप झाला. म्हातारं कण्हणं आलं, चहाडखोर भाग आला, गप्प जागा आली. अध्यक्षांनी कानातलं यंत्र चाचपलं आणि "पुन्हा एकदा," म्हणाले. मी दार मिटलं. पुन्हा उघडणार एवढ्यात कचेरीचा सुतार तेलाची बुधली घेऊन धावत आला. त्याचा काही दोष नाही. त्याला कुरकुर ऐकू आली आणि त्यानं आपलं काम केलं. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत वरच्या बिजागरीत तेल, खालच्या बिजागरीत तेल, वर एक फडकंही फिरवलं त्यानं. "आता बघा साहेब, लोण्यासारखं!" म्हणाला. मी दार उघडलं. आवाजच नाही. पुन्हा उघडलं. नाहीच. आत्या, मी माणसं गेलेली पाहिली आहेत, पण असं हातात धरलेलं कोणी गेलं नव्हतं. मी तिथेच चौकटीला डोकं टेकून उभा राहिलो. सुताराला वाटलं मी आनंदानं रडतोय, त्यानं पाठीवर थाप मारली.

समिती मात्र हेलावली. प्राध्यापिका म्हणाल्या, एक आवाज आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला, हाच तर यांचा विषय! त्यांनीच तिथल्या तिथे नाव दिलं, 'लुप्त होत चाललेले घरगुती ध्वनी: शोध, जतन व संवर्धन.' हिशेबनीस पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, दार गेलं, मग जतन कशाचं करणार? जिवंत असा एक तरी आवाज सांगा. मी काही शहाणपणानं बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो. जे खरं होतं ते तोंडून गेलं. (कोणता आवाज ते खाली सांगतो. इथे लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.) तिघेही ऐकत राहिले, आणि निधी मंजूर झाला, अट एवढीच, की समिती तो आवाज प्रत्यक्ष जागेवर जाऊन ऐकणार.

असं सगळं आहे. दार पुन्हा बाहेरच्या खोलीत आहे, मुकं. भाचेसूनबाईंना वाटलं होतं आता शांत वाटेल. पण काल कामावरून आल्यावर तिनंच ते दोनदा उघडून बघितलं आणि मग हात धुवायला गेली. आतोबांना नमस्कार. लहान तुमच्या घरात कोणी नाही, तेव्हा शिल्लक राहिलेले आशीर्वाद मांजराला दे.

तुझा आज्ञेतला,
भाचा

ता. क. मूळ सांगायचं ते राहिलंच. तो आवाज म्हणजे आतोबांचं घोरणं. रागावू नकोस. आई आजारी होती तेव्हा तुम्ही मला ठेवून घेतलं होतंत, आठवतं? नव्या घरात माझा डोळा लागायचा नाही. मग भिंतीपलीकडे ते सुरू व्हायचं. आधी लांबून मालगाडी, मग पूल, मग एकदम सामसूम, आपण श्वास धरून बसावं, आणि मग बारीक शिट्टी. वाटायचं, घरात कोणीतरी भक्कम आहे, आता काही होत नाही. आवाजाचं वेड मला तिथून लागलं. समितीला मी एवढंच सांगितलं. ते तिघे येत्या रविवारी दुपारी तुमच्याकडे येतील. जेवून येतील. फक्त खुर्च्या लागतील, न कुरकुरणाऱ्या.

ता. ता. क. आतोबांना आधीच सांगू नकोस. कळलं की माणूस अवघडतो आणि घोरण्यात कृत्रिमपणा येतो. तूही त्यांच्यासोबत जरा पडलीस तर बरं, म्हणजे त्यांना संशय येणार नाही. अगदी गाढ झोपलीस तरी चालेल. उलट झोपच.

आत्या, हे मी लिहितेय, तुमची भाचेसून. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांना तुमची भीती वाटते, म्हणून आतोबांचं नाव पुढे केलं आहे. समितीच्या कागदावर नाव तुमचं आहे. मालगाडी तुम्ही, पूल तुम्ही, शिट्टीसुद्धा तुम्हीच. आतोबांना मी फोन करून सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, खुशाल येऊ दे त्यांना. इतकी वर्षं मी एकटाच श्रोता होतो.