खुब्यातला गोंद

प्रिय ताई,

मी पैसे खेळण्यांवर उडवतो, हे तुला कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या पेंटरने. मी कामावर असताना तू फोन केलास आणि त्याने तोंडाचा पट्टा सोडला. तूही लगेच धरून बसलीस, की आई अंथरुणाला खिळलीय आणि हा तिकडे सांगाडे जोडतोय. हो, जोडला. प्लास्टिकचा, वीतभर उंच. गोदामात परत आलेला माल आम्हाला अर्ध्या किमतीत मिळतो, त्यात होता. खोका फाटका, म्हणून आणखी स्वस्त. पण खेळायला नाही घेतला. खोक्यावर कमरेची हाडं दिसली म्हणून घेतला.

आईच्या खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करून नवा गोळा बसवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा फोनवर सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो होतो. कापाकापी नको, पडून राहिली की हाड चिकटेल आपोआप. सातवीत शाळा सोडलेला मी, डॉक्टरांना शिकवत होतो. तू रडलीस, मग माझंच ऐकलंस. आई म्हणाली, पोरगा म्हणतोय तर राहू दे. ताई, तिला कापायची भीती नव्हती गं. तिला माझ्या खिशाची काळजी होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

तर सुट्टीच्या दुपारी खिडकीत बसून जोडायला घेतला. बरगड्यांनी तास खाल्ला. जबडा लावला तर गडी थेट आमच्या मुकादमासारखा हसायला लागला, पेंटरने त्याला सलामसुद्धा ठोकला. शेवटी पाय राहिले. मांडीच्या हाडाला वर मिरीएवढा गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत बसतो. मी वाटी गोंदाने भरली, गोळा दाबला, दहा मिनिटं धरून ठेवला. पक्का बसला. मग त्याला काडेपेटीवर बसवायला गेलो तर पाय वाकेना. जोर लावला तर मांडीचं हाडच कट्कन मोडलं. पेंटरने सोबतचा कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, इथे गोंद लावू नये. मी नुसती चित्रं बघून जोडत होतो. पेंटर म्हणाला, अरे शहाण्या, जे हलायला हवं ते कोणी चिकटवतं का?

बोटांवरचा गोंद सुकला, तो सोलत बसलो. तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, आईचा पाय आखडलाय, आखूड पडलाय, उठवून बसवलं तरी कळवळते. म्हणजे माझंच खरं झालं ताई. चिकटलं.

आता जे फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही ते लिहितो. मी भांडून घर सोडलं त्याच दिवशी आई जिन्यावरून पडली, हे तू मला दोन दिवसांनी कळवलंस आणि मी अरे देवा म्हणालो. खोटं होतं ते. मी तेव्हा खालच्या दारात होतो. ती मागून येत होती, अरे थांब, तिकडे थंडी असेल, म्हणत. मग आवाज झाला. त्यानंतर तिची हाक आली नाही. मी थांबलो. वळलो असतो तर जाणं झालं नसतं, म्हणून बादली पडली असेल असं स्वतःला सांगितलं आणि चालू लागलो. तू एकदा विचारलंस, पडली तेव्हा आईच्या हातात तुझा स्वेटर कशाला होता, तेव्हा ऐकू येत नाही असं सांगून मी फोन कापला होता. तिनेही तुला काही सांगितलं नसणार. मला झाकायला.

डॉक्टर आता म्हणतात उशीर झालाय, काठी काही सुटणार नाही, पण नीट बसता येईल. तेवढं तरी करूया. ऑपरेशनची तारीख ठरव. स्वेटरचं तिला विचारू नकोस, मी येतोय, तिच्यासमोर मीच बोलेन. मोटारसायकलसाठी साठवलेले सगळे पैसे पाठवतोय, एक लाख बारा हजार.

तुझाच,
धाकटा