आजोबांच्या जाण्याची नेमकी तारीख

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे निम्माच घातला आहे, उरलेला भेटीत). तुझे गुडघे, सूनबाईंचा स्वभाव आणि शेजारणीशी चाललेला अबोला, तिन्ही जिथल्या तिथे असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. गाद्यांचा कारखाना चालू आहे. लोकांना झोप येवो न येवो, गादी लागतेच.

तू म्हणालीस, "मी जायच्या आत माझ्या वडिलांची तारीख आण. तापाने गेले, एवढंच आई सांगायची." म्हणून मंगळवारी त्या जुन्या इस्पितळात गेलो. नोंदींची खोली तळघरात, धुलाईखान्याला लागून आहे. ती सांभाळणाऱ्या बाई दोन चष्मे बाळगतात, एक नाकावर, एक कपाळावर (कपाळावरच्या चष्म्यातून त्या माणूस वाचतात, असं माझं मत झालं). मला बसवून त्या कपाटाआड गेल्या आणि सहकाऱ्याला म्हणाल्या, "आणखी एक नातू आलाय. आजोबा मोठे डॉक्टर निघाले नाहीत तर रडेल हा." (माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे.) मी खाकरून मोठ्याने सांगितलं की आमचे शिंपी होते. त्यानंतर चहा आला.

मृत्यूच्या वहीत आजोबा सापडले, पण तांबड्या रेघेने खोडलेले. त्या काळी रोग्याची ओळख म्हणजे खाटेला अडकवलेली पाटी. आजोबांना उजेड हवा होता, म्हणून त्यांनी शेजाऱ्याशी खाट बदलली. पाट्या जागच्या जागी राहिल्या. शेजारी गेला, साथीच्या नियमाने इस्पितळानेच त्याला अग्नी दिला आणि तार आपल्या घरी आली. मग बाईंनी शिरगणतीच्या वह्या काढल्या. दर पाच वर्षांनी एका ठरलेल्या रात्री इमारतीत झोपलेल्या प्रत्येकाला त्यांत लिहीत. पहिल्या वहीत आजोबा: वय तेहतीस, आजार ताप. पुढच्या वहीत: वय अडतीस, आजार नाही. त्यापुढच्या वहीत: शिवणखात्याचे प्रमुख.

आत्या, तू आता खुर्चीत नीट बसली आहेस असं धरून पुढचं लिहितो. पहिल्या वहीला एक पत्र टाचलेलं होतं. रोगी बरा झाला, घेऊन जा, असं इस्पितळाने कळवल्यावर आजीने, म्हणजे तुझ्या आईने, दिलेलं उत्तर: 'आमचा शोक करून झाला आहे. लांबलांबचे नातेवाईक येऊन, रडून, परत गेले. आता यांना घरी आणणे बरे दिसणार नाही.' खाली आजोबांच्या अक्षरात: 'पत्नीचे म्हणणे रास्त आहे.' मी आयुष्यात पुष्कळ करार वाचले. इतका स्वच्छ एकही नाही. पण तिला लगेच बोल लावू नकोस. भेटींची वहीही मी पाहिली. दर गुरुवारी दुपारी, सव्वीस वर्षं, 'पत्नी'. (घरी असते तर दोघं इतक्या नेमाने बोलली असती का, असं माझ्या मनात आलं. माझ्या बायकोच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं.)

खरी तारीख मिळाली. त्या दिवशी तू एकोणतीस वर्षांची होतीस. हे वाक्य मी तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.

तुझा भाचा

ता. क. तारीख इथे लिहीत नाही. बाई म्हणाल्या, ती मुलीने स्वतः येऊन वाचावी. सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण हे. सगळं मी घाईघाईने बाबांना, म्हणजे तुझ्या दादाला, सांगितलं. ते दाढी करत होते. वस्तरा न थांबवता म्हणाले, "कळलं का तिला?" गुरुवारी आजीबरोबर तेही जायचे म्हणे. तुला का नेलं नाही विचारलं, तर म्हणाले, "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." (हे तू तीन वर्षांची असतानाचं मत, त्यानंतर फेरतपासणी झालेली नाही.) तुझे लहानपणीचे सगळे फ्रॉक पांढरेच का असायचे, तेही त्यांच्याकडूनच कळलं. तू झोपलीस की सुतळीने तुझं माप घेऊन तेच इस्पितळाच्या शिवणखात्यात पोचवायचे. कालपासून ते माझ्या खोलीत राहायला आले आहेत आणि कोण आहे हे विचारल्याशिवाय दार उघडत नाहीत. तेव्हा विनंती इतकीच: सोमवारी काठी जरूर आण, चालायला लागतेच, पण ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, हे ध्यानात ठेवून धर.