नातीच्या वहीतला दिनविशेष

दोहा, १७ फेब्रुवारी १९८४

आज नातीने, मीराने, वहीत माझी नोंद केली. अजून हसू येतंय. हसूच ना?

संध्याकाळी रेडिओवर नातीचा लाडका कार्यक्रम होता, आजच्या तारखेला रॉक संगीतात काय घडलं त्याचा. अमक्या बँडची पहिली तबकडी, तमक्या गवयाचा जन्म. ती सगळं लिहून घेते. मी म्हटलं, "अगं, हा तर आमच्या शाळेच्या फळ्यावरचा दिनविशेष!"

"मग तुझं सांग ना, आजोबा. टुडे काय झालं?"

सांगावं का? घरात आमच्या लग्नाची तिथी पाळायचे. तारीख फक्त यमूला आणि मला ठाऊक. यमू गेल्यापासून मला एकट्यालाच. सांगून टाकली: आजचीच.

"ओपनिंग साँग?"

"मंगलाष्टकं."

"क्राउड?"

"उभा होता. तांदूळ फेकत होता."

"ऑन स्टेज? वॉव!" तिने त्या गवयाच्या खालीच लिहिलं. गवयाच्या खाली! यमू किती हसली असती.

मग पेन्सिल थांबली. "बँड अजून आहे?"

"तुझी आजी गेली ना गं."

"देन यू आर सोलो," ती हळूच म्हणाली. एरवी मी कविता म्हणू लागलो की रेडिओचा आवाज वाढवणारी पोर, तिने तो बंदच केला. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा मांडीवर पालथा घेऊन त्यावर ठेका धरला. "यल्ला, चल आजोबा! एक पोएम."

पहिलं कडवं म्हटलं. दुसरं काही केल्या आठवेना.

तिने ठेका सोडला नाही.