दाराची नेमणूक

प्रिय रुचू,

तुला आणि निकेतला सप्रेम सलाम, सान्वीला पापा. फोनवर बोलायला गेलो की तुझी आई मध्येच फोन घेते आणि गाडी इडलीच्या पिठावर जाऊन थांबते, म्हणून हा कागद घेतला.

आधी बातमी. आपल्या मंडळीला उपासनेसाठी अखेर स्वतःची जागा मिळाली. शांती नगरातच, पहिल्या मजल्यावर, दोन गाळे एकत्र करून. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी समर्पणविधी आहे. म्हणजे शाळेचा हॉल सुटला आणि तुझ्या पलंगाखालची ट्रंकही रिकामी झाली. लहानपणी तू मैत्रिणींना सांगायचीस, आमचं देऊळ माझ्या पलंगाखाली राहतं. कुणाला पटायचं नाही. क्रूस, टेबलावरचं पांढरं कापड, गीतांची पुस्तकं, प्रभुभोजनाचे पेले, सगळं दर रविवारी रिक्षात घालून न्यायचं, मांडायचं आणि शाळेच्या शिपायाने किल्ल्या वाजवायच्या आत आवरायचं. एकदा रिक्षावाल्याने विचारलं, "चाचा, शादी का सामान है क्या?" तू खुशाल हो म्हणून मोकळी झालीस.

तुला मरारी आठवतात? बायबलातल्या लेवी वंशातलं ते एक घराणं. देवाच्या सेवेला वाहिलेल्या माणसांना मेखा आणि दोऱ्या उचलायला का लावलं, असं तू संडे स्कूलमध्ये विचारलं होतंस. रानातून जाताना देवाचा तंबू मोडायचा, वाहून न्यायचा, पुन्हा उभारायचा. पवित्र कोश दुसऱ्या घराण्याच्या खांद्यावर. यांच्या वाट्याला खांब, फळ्या आणि मेखा. पण कुणी काय उचलायचं ते नाव घेऊन नेमून दिलेलं. मला ते फार आवडायचं. गाण्याच्या बाबतीत आमचा आनंदीआनंद. प्रार्थनेला उभा राहिलो की तिसऱ्या वाक्याला अडतो. पण खुर्च्यांची रांग माझ्याइतकी सरळ कुणी लावून दाखवावी. मेखेशिवाय तंबू उभा राहत नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. मरारींना निदान बैलगाड्या तरी मिळाल्या होत्या, हे तुझ्या आईचं म्हणणं.

आता नव्या जागेत खुर्च्या जागच्या जागी आणि क्रूस भिंतीत स्क्रूने बसवलेला. पाहून आनंद झाला, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू? हातात उचलायला काही नसलं की मी मंडळीत कोण, हेच मला कळेना. पाळकसाहेबांनी ते ओळखलं असावं. त्या रविवारी ते दावीद राजावर बोलले. मंदिर बांधायचं ठरलं तेव्हा त्याने लेव्यांना सांगितलं, आता तंबू वाहायचं काम संपलं. पण त्यांना घरी नाही पाठवलं. कुणाला गाणं दिलं, कुणाला भांडारं आणि पुष्कळांना राखायला दारं. दारं मिळालेल्यांत मरारीच्या घरचेही होते. एक ओझं खाली ठेवलं की दुसऱ्या नेमल्या जागी जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला शाल आणि पुढच्या रांगेतली खुर्ची देऊ केली. शाल तुझ्या आईला आवडली. खुर्ची मी नको म्हटली आणि दार मागून घेतलं.

दारच का, ते तुला सांगायला हवं. तू येतेस, चार दिवस राहतेस आणि रविवारी सकाळी नेमकं तुझं डोकं दुखतं. ते दुखणं आम्ही दोघं ओळखतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तू माझ्या मदतीला आधी आत आलीस आणि निकेत गाडी लावून मागून आला. मी कापडाच्या सुरकुत्या काढत होतो. दारात येणाऱ्यांचं बघायला नेहमीच्या उर्मिलाताई होत्या आणि निकेत ख्रिस्ती नाही हे त्यांना ठाऊक होतं. "जावईबापू, आज प्रभुभोजन आहे, तुमच्या लोकांना नाही चालत ते. खालीच बसा ना जरा." गोड बोलल्या, म्हणून तोही गुमान जिन्याखाली शिपायाच्या स्टुलावर उपासना संपेपर्यंत बसून राहिला. खाली उतरल्यावर तू ते पाहिलंस आणि पुन्हा उपासनेला आली नाहीस. रुचू, प्रभुभोजन कुणी घ्यायचं ते पाळकसाहेब बघतील, पण दार आता माझ्याकडे आहे. उर्मिलाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, मी चहाचं बघते." समर्पणाच्या रविवारी तिघंही या. मी दारात उभा असेन. निकेतला माझा निरोप दे, नव्या जागेत सगळ्यांना कामं नेमून झाली आहेत आणि जिन्याखाली बसायचं काम कुणाच्याच नावावर नाही.

तुझाच,
पप्पा