पत्रकाची शेवटची ओळ

दादा,

म्हातारबाला घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात जात आहे. तू ठरवलेली अकराची वेळ तशीच ठेवली आहे. काम मात्र बदलले आहे.

दवाखान्याचे माहितीपत्रक तू वाचलेस, याचे कौतुक वाटते. परंतु कोणताही ग्रंथ शेवटच्या पानापासून उघडण्याची तुझी सवय अजून गेलेली दिसत नाही. 'दयामरण' या शेवटच्या ओळीच्या वर एक्स-रे आहे, रक्ततपासणी आहे, आखडलेल्या पायांसाठी व्यायाम आहे. यांतले एकही न करता, गालिचा दोनदा ओला झाला एवढ्या पुराव्यावर तू चौदा वर्षांच्या कुत्र्याचा निकाल लावलास. बाबांचेही गुडघे हल्ली कुरकुरतात. त्यांना हे पत्रक मी अद्याप दाखवलेले नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "अहो, आधी तपासू तर द्या!"

संध्याकाळी आम्ही दोघेही परत येऊ. तोवर गालिचा गुंडाळून माळ्यावर टाक, कारण म्हातारबा इथेच राहणार आहे.

आणि तू सही करून ठेवलेला संमतीचा फॉर्म शोधत बसू नकोस. हा कागद उलटून पाहा.

तुझी बहीण